गल्लीच्या दोन फेऱ्या

देऊळगाव राजा,
अनंत चतुर्दशीचा दुसरा दिवस

प्रिय आल्हाद,

परदेशात आईच्या अक्षरातलं पाकीट हातात पडलं म्हणून छातीत धस्स होऊ देऊ नकोस. आम्ही दोघं जागच्या जागी आहोत, खातोपितो, भांडतो. फोनवर सांगता आलं असतं, पण फोनवर तू बोलतोस आणि मी ऐकते. शिवाय स्पीकर लावलेला असतो आणि बाबा शेजारीच बसलेले असतात. व्हॉट्सॲपवर लिहिलं असतं तर तू मीटिंगमध्ये वरच्या चार ओळी वाचून अंगठा पाठवून मोकळा झाला असतास. म्हणून पोस्टाने पाठवते आहे. सगळी नोकरी मुलींच्या शाळेत मराठी शिकवण्यात गेली, तेव्हा पत्र लांबणार हे धरूनच चाल. चहा करून घे, बस आणि शेवटपर्यंत वाच. मधेच उठून मला फोन लावायचा नाही.

गेल्या रविवारी तू मला एकटीला गाडीच्या ॲपमधला तो नकाशा पाठवलास. त्यात आपलं घर, गल्ली, मागची शाळा, पिंपळापासून वळणारा रस्ता, आणि त्या सगळ्याभोवती रिळावर दोरा गुंडाळावा तशी निळी रेघ. खाली तू लिहिलं होतंस की आई, बघ, बाबा रोज सकाळी हे करतात. बॅटरी पूर्ण भरलेली असताना इंजिन सुरू करतात, बैलगाडीच्या चालीने गल्लीला दोन-दोन फेऱ्या मारतात आणि मग कुठे हमरस्त्याला लागतात. त्यांना रस्ता आठवत नाही, आई. मग तू मला वेगळा फोन केलास. तुझ्या कुणा डॉक्टर मित्राने सांगितलं की विसरण्याच्या आजाराची सुरुवात अशीच होते. दिवाळीला येशील तेव्हा गाडी विकून टाकायची, घराला कुलूप लावायचं आणि आम्ही दोघांनी पुण्याच्या तुझ्या फ्लॅटवर राहायला जायचं, हे तू ठरवूनही टाकलंस. बोलताना तुझा आवाज भरून आला होता. तुला बापाची इतकी काळजी वाटते हे ऐकून मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

पण त्याच दिवशी तू बाबांना विचारलंस की आज वार कोणता, काल रात्री जेवायला काय होतं, तुझ्या मावशीचं गाव कोणतं. बाबांनी सरळ उत्तरं दिली. रविवार, भरली वांगी, धाड. फोन ठेवल्यावर पेपरची घडी घालत म्हणाले, ‘पोरगा माही परीक्षा घेऊन राह्यला. पास झालो का नाही, ते काही सांगितलं नाही त्यानं.’ आणि हसले. त्या दिवशी दुपारी मात्र पानात वाढलेलं तसंच ठेवून उठले. तुझ्यावर रागवून मी हे लिहीत नाही, पण तुला ते माहीत असायला हवं.

आता गाडीपासून सुरुवात करते. गेल्या वर्षीच्या उन्हाळ्यात कंपनीने तुला जर्मनीला पाठवलं आणि उभी राहून खराब होईल म्हणून तू ही तुझी अर्धी विजेची, अर्धी पेट्रोलची गाडी आमच्या दारात आणून लावलीस. जायच्या आदल्या दिवशी पोर्चमध्ये उभं राहून तू बाबांना शिकवत होतास. मोबाइल लावतो तशी रात्री प्लगला लावायची. गावातल्या गावात फिराल तोवर ती विजेवरच चालेल, इंजिन झोपलेलं राहील. पण झोपलेलं म्हणजे गार. गार इंजिनावर एकदम जोर पडला तर ते झिजतं. म्हणून हमरस्त्याला लागायच्या आधीच हे बटण दाबून इंजिन जागं करा, हळूहळू चालवत तापू द्या आणि मग वेग घ्या. दारात उभी ठेवून इंजिन गरम करायची तुमची जुनी सवय मात्र आता सोडा, त्याने पेट्रोल जळतं आणि इंजिनाचं भलं होत नाही. मी जातोय तिथे तर असं केलं की दंड होतो. बाबा मान डोलवत होते. मी आत तुझ्यासोबत द्यायची शेंगदाण्याची चटणी कुटत होते, पण माझे कान तिकडेच होते. खरं सांगू, त्या दिवशी बाबांपेक्षा मीच जास्त ऐकलं.

तू जिला सवय म्हणालास ती काय होती, हे इतक्या जवळून पाहूनही तुझ्या लक्षात आलेलं नाही. आपली जुनी डिझेलची जीप आठव. बाबा सिंदखेडराजाच्या कचेरीत जायचे तेव्हा सकाळी किल्ली अर्धी फिरवायचे, पिवळा दिवा विझेपर्यंत थांबायचे आणि मग ती जीप जी खोकायला लागायची की मागच्या शाळेच्या भिंतीवरची कबुतरं उडायची. मग ती घरघरत उभी. बाबा काच पुसणार, बॉनेटवर हात ठेवून बघणार, पुन्हा आत येऊन चहा पिणार. तेवढ्यात फाटकाशी एकेक जण हजर. कुणाला सिंदखेडराजाला कागद द्यायचा असे, कुणाला दुसरबीडच्या गाडीसाठी फाट्यावर उतरायचं असे, कुणाचा नुसता डबा पोचवायचा असे. निवृत्त झाल्यावरही बाबांची रोजची फेरी सुटली नाही, फक्त कचेरीऐवजी जालना झालं. तिथल्या दवाखान्यात कुणी ना कुणी आपल्या गल्लीतलं असतंच.

यात एक गोष्ट बघ. कुणीही आदल्या दिवशी येऊन ‘उद्या नेता का’ असं विचारत नसे. विचारलं म्हणजे उपकार मागितल्यासारखं होतं. इंजिनाचा आवाज ऐकून बाहेर यायचं आणि म्हणायचं, ‘चाललेच का? मग मीही येतो.’ म्हणजे नेणाऱ्यावर ओझं नाही आणि येणाऱ्यालाही मान खाली घालायला नको. हे कुणी ठरवलं नव्हतं, पण सगळी गल्ली हे पाळत होती. तुझ्या दहावीच्या पहिल्या पेपरची सकाळ आठवते? तू जीपमध्ये बसून शेवटची उजळणी करत होतास, इंजिन तापत होतं आणि बाया वाट्यांतून दही घेऊन आल्या होत्या. समोरच्या सरस्वतीबाईंचं दही आंबट होतं म्हणून तू तोंड वाकडं केलंस आणि मी तुला डोळे दाखवले. त्या सगळ्या नेमक्या वेळी कशा आल्या असं तुला वाटलं होतं? जीप सुरू झाली म्हणूनच.

आणि मग तुझी ही गाडी आली. दिसायला राजबिंडी, पण आवाज म्हणून नाही. पहिल्या दिवशी गल्लीतल्या गुलाबरावांनी तिला दोन प्रदक्षिणा घातल्या, बॉनेटला कान लावला आणि म्हणाले, ‘सुधाकरराव, हे चालू हाय का बंद हाय, कसं समजावं माणसानं?’ आम्ही हसलो. पण गल्लीला खरंच समजेना. बाबा सकाळी गाडीत बसायचे आणि मांजर पाय न वाजवता जातं तसे निघून जायचे. आठवडाभर गाडी रिकामी जात होती. बाबांना वाटलं, लोकांना आता गरज उरली नसेल किंवा भारी गाडीत बसायला संकोचत असतील. रोज येऊन म्हणायचे की आजही कुणी नाही.

सरस्वतीबाईंच्या डोळ्यात दर महिन्याला एक इंजेक्शन असतं, जालन्याच्या डोळ्यांच्या दवाखान्यात. ते चुकवून चालत नाही. त्या दिवशी त्या लवकर आंघोळ करून, पिशवी भरून, दाराआड स्टुलावर बसून राहिल्या. बसून कसल्या, कान लावून राहिल्या. गाडी त्यांच्या दारावरून गेलीसुद्धा. दुपारनंतर हळूच फाटकाशी आल्या आणि म्हणाल्या, ‘भाऊ, आज गेलेच नाही वाटते जालन्याले? तब्येत बरी हाय ना? मी तं केव्हाची तयार होऊन बसली होती.’ स्वतःचं इंजेक्शन चुकलं आणि ही बाई बाबांची तब्येत विचारत होती. बाबांचा चेहरा मी त्या दिवशी पाहिला तसा क्वचितच पाहिला असेल. ते म्हणाले की यापुढे निघताना मी फोन करत जाईन. त्यावर त्या म्हणाल्या, ‘नको नको, फोन कायले? मी जाईन न एसटीनं.’ बघ, फोन आला की तो उपकार झाला. एसटीने जाणं त्यांना कसं जमणार होतं, पाटी वाचता येईना म्हणून तर इंजेक्शन चालू होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांनी तुझं ते बटण दाबलं. इंजिन जागं झालं. जीपच्या मानाने पुटपुटणंच ते, पण आवाज होता. बाबा दारात गाडी उभी करून चहा पीत राहिले आणि चहा संपायच्या आत फाटकाशी माणसं. गल्लीला आपली गाडी परत मिळाली. मग मागच्या हिवाळ्यात तुझ्या ॲपने चहाडी केली. उभ्या गाडीत इंजिन का चालवता म्हणून तू बाबांना फोनवर झापलंस. बाबा खुलासा करत बसणाऱ्यांतले नाहीत. ते ‘बरं’ म्हणाले आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

तेव्हा मी गाडीसोबतचं ते जाडजूड पुस्तक काढलं. शाळेत नवा अभ्यासक्रम यायचा तेव्हा जसं वाचायचे तसं, पेन्सिलीने खुणा करत, पहिल्या पानापासून. तुझं म्हणणं बरोबर निघालं, तेवढं श्रेय घे. उभ्या गाडीत इंजिन अर्धवट कोमट होतं आणि ते कोमट राहून बंद होणं वाईट. चालती गाडी, हलका पाय, अशानेच ते धड तापतं. मग मी बाबांना म्हटलं की दारात उभं राहून का तापवायचं? गल्लीतच हळू फिरवा. आपल्या दारापासून पिंपळ, शाळेमागून पुन्हा दार. पहिल्या फेरीत आवाज ऐकू जाईल, दुसऱ्या फेरीला माणसं दारात उभी असतील. इंजिनही तापेल आणि गल्लीलाही कळेल. बाबा म्हणाले, ‘बाई, तुम्ही रिटायर काऊन झाल्या?’ तर बाबा रे, तुझ्या नकाशावरचा तो गुंडाळलेला दोरा म्हणजे हा. रस्ता विसरणं नाही, तू शिकवलेलाच धडा आहे. हमरस्त्याच्या आधी इंजिन जागं करा असं तूच सांगितलं होतंस.

इथवर वाचून तुझा जीव भांड्यात पडला असेल तर थोडा तिथेच राहू दे, कारण आता जे सांगायचं आहे ते तुला सांगू नको असं बाबांनी मला म्हटलं होतं. तू धावत येशील, नोकरीवर परिणाम होईल, म्हणून. पण तू त्यांच्या डोक्याचं दुखणं काढल्यावर मी गप्प कशी राहू? दुखणं आहे, पण ते डोक्याचं नाही, डोळ्यांचं आहे.

होळीच्या सुमाराला बाबा सरस्वतीबाईंना घेऊन दवाखान्यात गेले होते, मीही सोबत होते. त्यांना आत नेलं आणि आम्ही दोघं बाहेर बाकावर. चष्मे तपासणारी जयमाला नावाची मुलगी रिकामी बसली होती. बाबांनी आपलं सहज म्हटलं की बसल्या बसल्या माझाही नंबर बघून टाक. तिने बघितलं, मग परत बघितलं आणि उठून डॉक्टरांना बोलावून आणलं. एका यंत्रात डोकं घालून बसवलं. समोर बारीक दिवे लागतात, दिसला की बटण दाबायचं. मी बाजूला उभी होते. डाव्या बाजूला दिवे लागत होते आणि बाबा शांत बसून होते, बटण दाबत नव्हते. काचबिंदू. दुखत नाही, खुपत नाही, कडेकडेने नजर खात येतो. डावा आरसा फाटकाला लागून तुटला तेव्हा बाबांनी तुला म्हैस आडवी आली असं सांगितलं होतं. ते खोटं बोलले नव्हते रे, त्यांना स्वतःलाच फाटक दिसलं नव्हतं.

डॉक्टर म्हणाले, गेलेली नजर परत येणार नाही, पण राहिली आहे ती थेंबांनी टिकेल. वेळेवर आलात. आणखी वर्ष-दोन वर्षं गेली असती तर हातात काही उरलं नसतं. मी घरी येऊन देवासमोर बसले आणि माझ्या मनात एकच आलं. सरस्वतीबाई त्या दिवशी गाडीत नसत्या तर बाबा आपल्या पायाने डोळ्यांच्या दवाखान्यात कशाला गेले असते? आणि इंजिनाचा आवाज झाला नसता तर सरस्वतीबाई गाडीत कुठून आल्या असत्या? तू ज्याला वाया जाणारं पेट्रोल म्हणतोस त्याने तुझ्या बापाचे डोळे वाचवले आहेत.

डॉक्टरांनी दुसरीही एक गोष्ट सांगितली, यापुढे गाडी चालवायची नाही. बाबांनी तिथल्या तिथे किल्ली खिशातून काढून माझ्या हातात ठेवली. गुलाबराव एसटीने जालन्याला आले आणि आपली गाडी चालवत आम्हाला घरी घेऊन आले. मग गाडी पोर्चमध्ये उभी राहिली. बाबा रोज सकाळी उठून तिची काच पुसायचे आणि आत येऊन बसायचे. आवाज नाही, फाटकाशी कुणी नाही. मी इतक्या वर्षांत त्या घरघरीला किती नावं ठेवली असतील, पण त्या शांततेने माझं मन कशात लागेना. बाबांचं खाणं कमी झालं. त्या दिवसांत तू मला पुण्याला चल म्हणाला असतास तर मी निघालेही असते.

मग एका सकाळी आपल्या दारात इंजिन पुन्हा सुरू झालं. आता आमची सकाळ कशी असते ते ऐक. चहा होतो. बाबा गाडीत बसतात आणि मी त्यांच्या दोन्ही डोळ्यांत थेंब घालते. थेंब घातले की थोडा वेळ डोळे मिटून बसावं लागतं, नाहीतर औषध आत राहत नाही. नेमकं तेव्हाच बटण दाबायचं. गाडी फाटकातून निघते, पिंपळाला वळते, शाळेमागून येते आणि बाबा डोळे मिटून, काच खाली करून, कान देऊन बसलेले असतात. ही गुलाबरावांच्या फाटकाची कडी. ही सरस्वतीबाईंची चप्पल, आज पिशवी जड दिसते. आणि मधेच इंजिनाचा आवाज ऐकून म्हणतात, ‘अजून नाही... अजून नाही... हं, झालं आता. चल.’ मग डोळे उघडतात.

आता तू चहाचा कप खाली ठेवला असशील. बाबा डोळे मिटून बसले आहेत आणि गाडी गल्लीतून फिरते आहे, म्हणजे काय? तुझ्या ॲपला इंजिन कधी सुरू झालं ते कळतं, कुठे फिरलं ते कळतं. स्टिअरिंगवर कोण बसलंय ते त्याला कळत नाही. मी बसलेय, आल्हाद. तुझी आई. पाडव्यानंतर शिकले. बाजार समितीच्या मैदानात गुलाबराव शेजारी बसायचे आणि बाबा मागे. बुलढाण्याला दोनदा काम आहे म्हणून गेले होते ना, आणि तू फोनवर विचारलंस तर मी विषय बदलला होता, ते परवान्याचं काम होतं. आषाढात परवाना आला. तोवर सरस्वतीबाईंच्या इंजेक्शनापुरती महिन्याची एक जालन्याची फेरी गुलाबरावांनी केली. साडीचा काठ पायात येतो म्हणून मी आता सलवार-कमीज घालते, दिवाळीला बघून हसू नकोस. फाटकाजवळची तू लावलेली जास्वंद मात्र गेली. मागे घेताना माझ्याच हातून गेली, दुसरी लावली आहे. बाबा शेजारी बसून अजून पाय दाबतात, जणू त्यांच्याही पायाखाली ब्रेक आहे. शाळेत तपासणीला साहेब यायचे तेव्हाही माझ्या तळहातांना इतका घाम आला नव्हता.

पहिल्या दिवशी मी गल्लीला दोन फेऱ्या मारल्या. सगळ्यांनी आवाज ऐकला, सगळी दारं उघडली आणि मला स्टिअरिंगवर बघून सगळे दारातच थांबले. कुणाला एकदम काहीतरी काम आठवलं, कुणी उद्या जाऊ म्हणालं. मी लाजून लाल झाले होते, वाटलं गाडी आत घ्यावी आणि किल्ली फेकून द्यावी. तेवढ्यात सरस्वतीबाई पिशवी घेऊन दाराची पायरी उतरल्या, चाचपडत मागचं दार उघडलं आणि आत बसून म्हणाल्या, ‘चला बाई. मले तं तसंही कमी दिसते, मले काय भेव?’ बाबा इतके हसले की डोळ्यांतले थेंब बाहेर आले आणि पुन्हा घालावे लागले. त्या दिवशी आम्ही तिघं जालन्याला गेलो आणि सुखरूप आलो. आता जागा पुरत नाही. परवा गुलाबराव स्वतःच मागे तिघांत दाटीवाटीने बसले होते आणि शिष्य कसा तयार केलाय ते सगळ्यांना सांगत होते.

हे तुला सांगायची मला घाई नव्हती. दिवाळीला तू जालन्याच्या स्टेशनवर उतरलास की समोर मी किल्ली हलवत उभी, असा बेत होता आणि मी त्याची मनातल्या मनात किती मजा घेतली होती. तो तुझ्या नकाशाने उधळला, म्हणून हे पत्र. गाडी विकायची नाही. घराला कुलूप लावायचं नाही. पुण्याला आम्ही येऊ, पण राहायला नाही, सुट्टी संपली की तुला पोचवायला, आणि तेही गल्लीला दोन फेऱ्या मारून. बाबांच्या डोळ्यांचे सगळे कागद तू आलास की बघ, डॉक्टरांना भेट, हवं ते विचार. पण हे पत्र मिळाल्यावर पुढच्या रविवारी फोन करशील तेव्हा बाबांना वार विचारू नकोस. इंजिन कसं वाजतं ते विचार, आणि मग नुसतं ऐक. गाडी कोणती आणि डबा कुठला ते कळव, मी स्टेशनवर असेन. सरस्वतीबाईही येणार म्हणतात, दही घेऊन. ते आंबट असलं तरी तोंड वाकडं न करता खायचं आणि मागे त्यांच्याजवळ बसायचं. पुढची डावी जागा बाबांची आहे.

गल्लीतून निघण्याआधी रोज तुझी आठवण काढणारी,
तुझीच
आई